जिथे दुरुस्तीला जाता येत नाही, तिथलं मेकॅनिकल

चांद्रयान-३ चं लँडर २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रावर उतरलं, आणि नागपुरातल्या अनेक घरांत एका जुन्याच वादाला नवा जोर आला. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी किंवा मुलगा म्हणतो, एम.टेक. करायचं तर अंतराळयानाच्या विषयातच. घरातलं अनुभवी माणूस म्हणतं, आधी नोकरी धर, चार ठिकाणी चालेल असा विषय घे. एका बाजूला स्वप्न आणि दुसऱ्या बाजूला व्यवहार अशी या वादाची सोपी वाटणी केली, तर दोघांवरही अन्याय होतो. स्वप्नाच्या बाजूला हिशेब असतो आणि व्यवहाराच्या बाजूला कळकळ असते. म्हणून हा वाद इथे दोघांच्याच तोंडून मांडतो आहे. मामांनी हिंगणा एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये हयात काढली आहे. भाची नागपुरातच मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यांना नावं दिलेली नाहीत, कारण अशी मामा-भाची या शहरात कुठेही भेटतील.

मामा: अंतराळयानात एम.टेक. करायचं म्हणते, चांगलं आहे. पण इस्रोची जाहिरात नीट वाचली का? ‘सायंटिस्ट/इंजिनिअर एससी’ या पदाला काय लागतं? बी.ई. किंवा बी.टेक., ६५ टक्के किंवा दहापैकी ६.८४ सीजीपीए. एम.टेक. तर ते मागतच नाहीत. जे काम बी.ई.वर मिळू शकतं, त्याच्यासाठी आणखी दोन वर्षं काहून घालवायची?

भाची: वाचली, मामा. त्यात विषय कोणते असतात तेही पाहिलं. बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर. म्हणून तर बारावीनंतर एअरोस्पेस न घेता मी मेकॅनिकल घेतलं, आणि आता वर चढतानाही मेकॅनिकलचा पाया सोडत नाही. ती परीक्षा मी देणारच आहे. पण देशभरातून हजारो मुलं बसतात आणि जागा मोजक्या निघतात. एका परीक्षेवर सगळं आयुष्य टांगून ठेवायला मी तयार नाही. मला तो विषयच शिकायचा आहे, मग नोकरीचा शिक्का इस्रोचा असो की दुसऱ्या कुणाचा.

मामा: विषय म्हणजे काय पण? ताण, ताप, कंपन, धातू. हे तर आमच्या टूलरूममध्येही आहे. लोखंडाला कुठे कळतं ते जमिनीवर आहे की आभाळात?

भाची: लोखंडाला चांगलंच कळतं! आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि आपण कूलर लावतो. पंखा हवा ओढतो, ओल्या वाळ्यातून पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. कक्षेत हवाच नाही. त्यामुळे कूलर नाही, पंखा नाही, गरम भागावरून वाहणारा वारा नाही. उष्णतेला यानाबाहेर जायला एकच वाट उरते, ती प्रारणाची. उन्हात असताना सूर्याकडून दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट येतात, पृथ्वीच्या सावलीत शिरलं की सूर्याकडून काहीच येत नाही. खालच्या कक्षेतला उपग्रह साधारण दीड तासात एक फेरी मारतो. म्हणजे दिवसातून पंधरा-सोळा वेळा तो तापतो आणि गारठतो. आणि तरीही आतली बॅटरी खोलीच्या तापमानाच्या आसपास ठेवायची असते. फोटोत उपग्रहाला सोनेरी वेष्टन दिसतं ना, ते एकावर एक ठेवलेल्या पातळ थरांचं पांघरूण असतं. ते कुठे घालायचं आणि कोणता भाग उघडा ठेवून उष्णता बाहेर सोडायची, हे मेकॅनिकलवाल्याला ठरवावं लागतं. बी.ई.च्या हीट ट्रान्सफरमध्ये प्रारण हा एक धडा आहे. तिथे तो सगळा संसार आहे.

मामा: ताप समजला. पुढे?

भाची: पुढे कंपन. उपग्रह कक्षेत जाऊन पंधरा वर्षं शांत फिरणार असतो, पण त्याचा सगळा सांगाडा बेतावा लागतो तो पहिल्या काही मिनिटांसाठी. रॉकेट पेटतं तेव्हा ते त्याला हलवतं, आवाजाचा मारा होतो, टप्पे सुटताना धक्के बसतात. यानाची नैसर्गिक कंप्रता रॉकेटच्या कंप्रतेशी जुळली तर सांधे खिळखिळे होतात. म्हणून ते ताठ हवं, पण जड नको, कारण प्रत्येक किलोची किंमत रॉकेटला मोजावी लागते. ७ सप्टेंबर २०१९ ला चांद्रयान-२ चं विक्रम लँडर चंद्रावर आदळलं. चांद्रयान-३ च्या वेळी बाकीच्या सुधारणांबरोबर लँडरचे पायही बळकट केले. आधी सेकंदाला दोन मीटर वेगानं टेकणं सोसावं अशी अपेक्षा होती, ती तीन मीटरवर नेली. मामा, हे पाय म्हणजे शंभर टक्के मेकॅनिकल.

मामा: ठीक आहे. पण हे सगळं माणूस नोकरीत शिकतो. इस्रोचे आधीचे अध्यक्ष सोमनाथ साहेब, त्यांचंच बघ. कोल्लमच्या टीकेएम कॉलेजातून मेकॅनिकलचं बी.टेक. केलं, १९८५ मध्ये विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात लागले, आणि मग बंगळूरच्या आयआयएस्सीत एअरोस्पेसमध्ये मास्टर्स केलं. त्यांच्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये इस्रोचे अध्यक्ष झालेले नारायणन साहेब तर मेकॅनिकलचा डिप्लोमा करून आलेले. १९८४ मध्ये इस्रोत लागले, आयआयटी खरगपूरचं एम.टेक. १९८९ मध्ये झालं. दोघंही आधी कामाला लागले, मग शिकले. मी वेगळं काय सांगतो आहे?

भाची: तुम्ही बरोबर सांगता. पण नारायणन साहेबांनी एम.टेक. कशात केलं ते बघा. क्रायोजेनिक इंजिनिअरिंगमध्ये. तेव्हा आपल्याकडे क्रायोजेनिक इंजिन नव्हतंच. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाच्या ग्लावकॉस्मॉसशी करार झाला, पण अमेरिकेच्या दबावामुळे १९९३ पर्यंत तो बदलला. तयार इंजिनं मिळाली, ती बनवण्याची विद्या मिळाली नाही. ती आपल्याला स्वतः कमवावी लागली. द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांवर ठेवायचा, द्रव ऑक्सिजन उणे १८३ वर, आणि त्यांच्या शेजारीच ज्वाला पेटवायची. या थंडीत धातू आकसतो, सील कडक होतं, बेअरिंगचं वागणं बदलतं. १५ एप्रिल २०१० ला जीएसएलव्ही-डी३ अपयशी ठरलं, ते इंधनाचा बूस्टर टर्बोपंप बंद पडल्यामुळे. एका सीलपाशी फिरता भाग धरला गेला असावा, असं चौकशीत पुढे आलं. त्यानंतर पावणेचार वर्षांनी, ५ जानेवारी २०१४ ला, जीएसएलव्ही-डी५ स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनावर यशस्वी झालं. पुढे एलव्हीएम-३ चा सी-२५ हा क्रायोजेनिक टप्पा ज्या प्रकल्पातून आला, त्याचे प्रकल्प संचालक नारायणन होते. चांद्रयान-३ ला १४ जुलै २०२३ ला वर नेलं ते याच रॉकेटनं.

मामा: सीलपाशी धरलं म्हणते? एवढ्या मोठ्या रॉकेटचा जीव सीलच्या फटीत होता?

भाची: हो. आणि त्या फटीमागे ज्यांनी वर्षं घातली, त्यांचं शिक्षण ‘अंतराळ’ नावाच्या ढोबळ विषयात झालेलं नव्हतं. एका नेमक्या प्रश्नात झालं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे.

मामा: मग तुझा प्रश्न कोणता? नारायणन साहेबांना थंडी मिळाली. तुला काय पाहिजे?

भाची: मला… अंतराळयान. प्रोपल्शन, थर्मल, स्ट्रक्चर, कंट्रोल, सगळंच.

मामा: सगळंच म्हणजे काहीच नाही. आमच्या टूलरूममध्ये नवीन पोरगा येतो आणि म्हणतो मला सगळंच येतं, तेव्हा मी त्याला हातात फाइल देतो आणि म्हणतो, हा चौकोन काटकोनात आण. दोन वर्षं द्यायची तर कशाला द्यायची ते आधी ठरव. माझी भीती काय आहे सांगू? तू नावापायी जाशील. पदवीवर ‘स्पेसक्राफ्ट’ लिहिलेलं असेल, आणि परत आल्यावर बुटीबोरीचा एचआर विचारेल, हे आमच्या काय कामाचं?

भाची: हा धोका खरा आहे, मी तो झटकत नाही. पण याचं उत्तर विषय सोडणं असू शकत नाही. एम.टेक.चं पहिलं वर्ष बहुतेक वर्गातलं असतं, दुसरं प्रबंधाचं. स्पेशलायझेशन पदवीच्या नावापेक्षा त्या प्रबंधात असतं. आपल्या व्हीएनआयटीतच बघा. तिथे हीट पॉवर आहे, कॅड-कॅम आहे. अप्लाइड मेकॅनिक्समध्ये स्ट्रक्चरल डायनॅमिक्स आणि भूकंप अभियांत्रिकी आहे. यातल्या एकाच्याही नावात अंतराळ नाही, पण तापाचं, आकाराचं आणि कंपनाचं जे गणित यानाला लागतं ते तिथेच शिकवतात. दुसरीकडे आयआयटी मुंबईच्या आणि आयआयएस्सीच्या एअरोस्पेस विभागांत मेकॅनिकलच्या गेटवर प्रवेश मिळू शकतो. तिरुवनंतपुरमला २००७ मध्ये सुरू झालेली आयआयएसटी तर अंतराळ विभागाचीच संस्था आहे. कुठे जायचं, हे प्रश्न ठरल्यावर ठरेल.

मामा: एवढाच ध्यास आहे तर अमेरिकेत काहून नाही जात? कर्ज काढू. नासा तिथे आहे, स्पेसएक्स तिथे आहे.

भाची: शिकायला जाता येईल, मामा. कामाचं दार तिथे अरुंद आहे. नासाची कायम नोकरी नागरिकांसाठी असते. रॉकेट बनवणाऱ्या खासगी कंपन्यांवर शस्त्रास्त्र-निर्यातीचे नियम लागू आहेत. त्यांतली माहिती हाताळायला माणूस अमेरिकन नागरिक, ग्रीन कार्डधारक किंवा तिथे अधिकृत आश्रय मिळालेला असावा लागतो, नाहीतर कंपनीला सरकारकडून वेगळा परवाना घ्यावा लागतो. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या भारतीय मुलीसाठी तो परवाना काढायची तसदी कोण घेणार? २०१४ मध्ये बऱ्याचशा व्यावसायिक उपग्रहांचे नियम सैल झाले, पण रॉकेटचे नाही. ज्या घरांतून पन्नास लाखांचं कर्ज काढून मुलं हाच विषय शिकायला जातात, त्यांनी हे जाण्याआधी वाचायला हवं. परदेशी जाऊन परत येण्याचीही वाट आहे, आणि ती आपल्याच माणसानं चालून दाखवली आहे. वसंत गोवारीकर इंग्लंडात बर्मिंगहॅमला केमिकल इंजिनिअरिंग शिकले आणि थुंब्याला येऊन घन इंधनावर काम करत राहिले. १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ यशस्वी झालं, तेव्हा ते विक्रम साराभाई केंद्राचे संचालक होते. त्यांनीही एकच प्रश्न धरला होता, रॉकेटच्या घन इंधनाचा.

मामा: मग इथे तरी काय आहे? नागपुरात अंतराळाचं म्हणून जे आहे, ते उपग्रहाची चित्रं वाचण्याचं. अमरावती रोडला इस्रोचं रिमोट सेन्सिंगचं विभागीय केंद्र आहे, राज्य सरकारचं एमआरसॅक व्हीएनआयटीच्या आवारात आहे. चांगलं काम आहे, पिकं आणि पाणी त्यातून कळतं. पण त्यात मेकॅनिकलवाल्याला काय काम?

भाची: चित्रं वाचण्यापलीकडेही नागपुरात काही घडलं आहे. हैदराबादची स्कायरूट ही कंपनी २०१८ मध्ये इस्रोतून बाहेर पडलेल्या इंजिनिअरांनी सुरू केली. तिचे एक संस्थापक पवनकुमार चंदना आयआयटी खरगपूरचे मेकॅनिकल इंजिनिअर. त्यांच्या घन इंधनाच्या मोटरची पहिली मोठी चाचणी, कलाम-५ ची, डिसेंबर २०२० मध्ये झाली ती नागपूरला, सोलर इंडस्ट्रीजच्या आवारात. मे २०२२ मध्ये त्याहून खूप मोठी कलाम-१०० इथेच १०८ सेकंद जाळून पाहिली. तिचं आवरण कार्बन कंपोझिटचं. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला त्यांचं विक्रम-एस श्रीहरिकोट्याहून उडालं. मिहानमध्ये टाटांच्या टाल कंपनीनं बोइंग ७८७ च्या फ्लोअर बीम बनवल्या, त्याही कंपोझिटच्या. इथे मोटर जळतात आणि कंपोझिट घडतात, मामा, आणि आमच्या वर्गात अजून अर्ध्या मुलांना ते ठाऊक नाही.

मामा: स्टार्टअपचं मला सांगू नको. आज आहे, उद्या पैसे संपले की कुलूप. सरकारी नोकरीचा विसावा तिथे नाही.

भाची: नाही, हे मान्य. २०२० मध्ये हे क्षेत्र खासगी कंपन्यांना उघडलं, इन-स्पेस ही परवानगी देणारी संस्था आली, २०२३ मध्ये अंतराळ धोरण आलं. सगळं कोवळं आहे. चेन्नईच्या अग्निकुलचं पहिलं चाचणी-उड्डाण ३० मे २०२४ ला झालं, त्याच्या आधीचे प्रयत्न ऐनवेळी थांबवावे लागले होते. काही कंपन्या टिकतील, काही बुडतील. पण बुडालेल्या कंपनीतून बाहेर पडताना माणूस काय घेऊन निघतो, ते मी बघते. उष्णता, कंपन, कंपोझिट, थकवा येऊन तुटणारे धातू, यांची जाण गाडीच्या कारखान्यातही लागते, पवनचक्कीतही आणि वैद्यकीय उपकरणांतही.

मामा: आता माझ्या बाजूचं ऐक. पुणे जिल्ह्यात वालचंदनगर आहे. साखरेची यंत्रं बनवणारा कारखाना, सत्तरच्या दशकापासून इस्रोसाठी मोटरची आवरणं घडवतो. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचं आवरण २.८ मीटर व्यासाचं, मॅरेजिंग पोलादाचं. एवढं मोठं नळकांडं गोल ठेवून वेल्डिंग करणं म्हणजे काय असतं, हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. एल अँड टीच्या पवईला एलव्हीएम-३ च्या बूस्टरची आवरणं होतात, विक्रोळीत गोदरेज विकास इंजिन बनवतं. तिथे पदवीवर काय छापलं आहे ते कुणी विचारत नाही. वेल्डिंग समजतं का, नळकांड्याची गोलाई मोजता येते का, ते विचारतात. महाराष्ट्रातलं अंतराळ कारखान्याच्या फरशीवर घडतं, बाळा. तुला फरशी ठाऊक नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

भाची: ही तक्रार मला मान्य आहे. चार वर्षांत लेथवर उभी राहिले ती मोजकीच. पण मामा, मी तुम्हाला एक उदाहरण देते आणि तुम्ही मला त्यातला बिघाड समजावून सांगा. नासाचं गॅलिलिओ यान १९८९ मध्ये गुरूकडे निघालं. त्याची मोठी अँटेना छत्रीसारखी मिटलेली होती. एप्रिल १९९१ मध्ये ती उघडायला सांगितली, तर काही काड्या अडकल्या आणि ती पूर्ण उघडलीच नाही. त्या आधी १९८६ च्या चॅलेंजर अपघातामुळे यान कित्येक वर्षं पडून होतं आणि कॅलिफोर्निया ते फ्लोरिडा ट्रकनं त्याच्या फेऱ्या झाल्या होत्या. अँटेनाच्या पिनांवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं कोरडं वंगण होतं.

मामा: थांब, समजलं. ट्रकमध्ये कित्येक तास थरथर झाली असेल. पिन आणि तिची खाच एकमेकांवर घासत राहिल्या, कोरडा लेप निघून गेला, मग उघडा धातू उघड्या धातूला लागला. त्याला आम्ही धातू धरला म्हणतो. डायमध्ये सरकता भाग असा धरला की आम्ही तेल सोडतो, हातोडीनं हलकं ठोकतो, नाहीच निघाला तर खोलून पॉलिश करतो.

भाची: पृथ्वीवर. हवेत धातूवर ऑक्साइडचा थर पुन्हा चढतो आणि तो थोडाफार वाचवतो. निर्वातात तो चढत नाही, स्वच्छ धातू एकमेकांना चिकटूनच जातात. साधं ग्रीस वापरलं तर ते हळूहळू उडून कॅमेऱ्याच्या भिंगावर जाऊन बसतं. ज्या कोरड्या वंगणावर भिस्त ठेवायची, ते निर्वातात उत्तम चालतं, पण दमट हवेत घासलं की लवकर झिजतं. म्हणजे यानाची परीक्षा आकाशात होण्याआधी गोदामात आणि रस्त्यावरच होऊन जाते. त्या अँटेनावरून सेकंदाला १ लाख ३४ हजार बिट माहिती यायची होती. छोट्या अँटेनावर काम भागवताना फार तर १६० बिटांपर्यंत पोचता आलं. शास्त्रज्ञांनी माहिती आवळून पाठवण्याच्या युक्त्या काढल्या आणि मोहीम वाचवली, पण अडकलेल्या काड्या अडकलेल्याच राहिल्या. आपलं इन्सॅट-१ए सुद्धा १९८२ मध्ये काही महिन्यांतच सोडून द्यावं लागलं. त्याच्या दुखण्यांत न उघडलेलं सौर शीड हेही एक होतं.

मामा: बाप्पा! म्हणजे यानाचा जीव बिजागरीत.

भाची: बिजागरीत, स्प्रिंगमध्ये, पिनमध्ये, बेअरिंगमध्ये. सौर पंख, अँटेना, लँडरचे पाय, रोव्हर उतरायचा उतार, सगळं मिटवून वर न्यायचं आणि तिथे एकदाच, पहिल्याच झटक्यात उघडायचं. मघाशी तुम्ही विचारलंत ना, तुझा प्रश्न कोणता? बोलता बोलता सापडला. निर्वातात हलणारे भाग. आणि त्याचा अर्धा अभ्यास तुमच्या टूलरूममध्ये आहे.

मामा: आता तू कामाचं बोलली. या प्रश्नाला मी नाही म्हणणार नाही, कारण यात शिकलेलं वाया जात नाही. घर्षण आणि झीज सगळीकडेच आहे. पण दोन वर्षांचा खर्च?

भाची: गेट पात्र होऊन मान्यताप्राप्त ठिकाणी एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन आहे. त्यात थाट होत नाही, पण घरावर भार कमी पडतो. आणि एक गोष्ट मनातली बोलते. भावानं पुण्याला एमबीए केलं तेव्हा दोन वर्षांचा हिशेब कुणी मागितला नाही. माझ्या दोन वर्षांना मात्र वय, लग्न, स्थळं असे तीन भागाकार लागतात.

मामा: तुझ्या आईशी मी बोलतो. तो भागाकार चुकीचाच आहे. पण माझ्या काही अटी आहेत. कॉलेज निवडायच्या आधी तिथल्या प्राध्यापकांचं काम वाचायचं. तिथे निर्वात कक्ष आहे का, कंपनाचं टेबल आहे का, की सगळं कॉम्प्युटरवरच चालतं, ते जाऊन बघायचं. इस्रोची परीक्षा दोन्ही वर्षं द्यायची. आणि उन्हाळ्यात माझ्याकडे टूलरूमला यायचं, पिन घासायला.

भाची: सगळ्या मंजूर. आणखी एक माझ्याकडून. गेटचे गुण तीन वर्षं चालतात. यंदा माझ्या प्रश्नावर काम करणारी जागा मिळाली नाही, तर नुसती पदवी हवी म्हणून कुठेही जाणार नाही. एक वर्ष नोकरी करीन, हिंगण्यात सुद्धा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरीन.

मामा: म्हणजे मी म्हणत होतो ते आधी नोकरीचंही त्यात आलं.

भाची: आलं, पण माझ्या अटीवर. वाट बघायची तर प्रश्न हातात धरून. आणि मामा, हे एकट्यानं होणारं काम नाही, हेही मला ठाऊक आहे. पुण्याच्या सीओईपीच्या मुलांनी ‘स्वयम्’ नावाचा जेमतेम एक किलोचा उपग्रह बनवला. दिशा राखायला त्यात मोटर नव्हती, चुंबकाच्या जोरावर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी तो स्वतःला जुळवून घेणार होता. २००८ च्या सुमारास काम सुरू झालं, आणि २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ नं तो सोडला. ज्यांनी सुरू केला ते उड्डाणाच्या वेळी कॉलेजात नव्हते. प्रत्येक तुकडीनं पुढच्या तुकडीला आपलं गणित लिहून दिलं. मला शिकायचं आहे ते हे सुद्धा. मी केलेलं काम माझ्यानंतरच्याला वाचता आलं पाहिजे.

इथे दोघांचा वाद थांबतो, पण दोघांची मतं एक झालेली नाहीत. मामांना अजूनही आधी फरशी आणि मग वर्ग हाच क्रम योग्य वाटतो. भाचीला वाटतं की नागपुरातून निघणाऱ्या बी.ई.च्या विद्यार्थ्याला आज अशी फरशी सहज मिळत नाही, त्यामुळे वर्गातूनच तिथवर जावं लागतं. माझा कौल भाचीकडे आहे, मात्र मामांच्या अटींसकट.

अंतराळयानाचं शिक्षण मेकॅनिकलहून वेगळं शास्त्र नाही. जिथे पुन्हा हात लावता येत नाही, अशा जागेसाठी केलेलं ते मेकॅनिकल आहे. कारखान्यात चूक झाली तर यंत्र थांबवता येतं, भाग बदलता येतो, उद्या पुन्हा सुरू करता येतं. कक्षेत गेलेल्या यानाच्या बाबतीत सगळी दुरुस्ती आधीच, कागदावर, चाचणीच्या टेबलावर आणि कारागिराच्या बोटांत करून ठेवावी लागते. अशी शिस्त शिकलेला इंजिनिअर उद्या रॉकेट न बनवता रेल्वेचा ब्रेक किंवा हृदयाची झडप बनवेल, तर त्या ब्रेकवर आणि त्या झडपेवर आपण अधिक विश्वास ठेवू शकू.

म्हणून असा वाद चालणाऱ्या घरांतल्या पालकांना माझं सांगणं आहे की मुलांना ‘कोणत्या कॉलेजात’ आणि ‘किती पॅकेज’ विचारण्याआधी ‘कोणता प्रश्न’ ते विचारा. उत्तर ‘सगळंच’ असेल तर त्यांना थोडं थांबवा आणि कामाच्या जागा दाखवा. उत्तर नेमकं असेल, तर दोन वर्षांचा हिशेब बाजूला ठेवून त्यांना जाऊ द्या. आणि मुलांना सांगणं एवढंच की आपला प्रश्न एखाद्या कुशल कामगाराला समजेल अशा मराठीत मांडता येतो का, ते प्रवेशअर्ज भरण्याआधी तपासा. तो त्याला समजला आणि त्यानं त्यात आपल्या अनुभवाची भर घातली, तर तुमचं शिक्षण त्याच दिवशी सुरू झालेलं असेल.